उड्डाणाआधी (७) : बसमधला दुसरा माणूस

या आठवड्यात अंतराळवीरांच्या सरावाच्या पाण्याच्या टाकीत उतरायचे ठरले होते. पण साताऱ्याहून एका वाचक शिक्षिकेचे पत्र आले आणि त्यातल्या प्रश्नाची दोन ओळींत बोळवण करणे मला जमेना. त्या लिहितात, ‘सेंट्रिफ्यूजच्या लेखात तुम्ही राखीव तुकडीचा उल्लेख ओझरता केलात. वर्गात मुलांनी विचारले, राखीव म्हणजे रेल्वेच्या वेटिंग लिस्टसारखे का? त्यांना थोडे कमी शिकवतात का?’ टाकी कुठे जात नाही. आज राखीव तुकडी.

मुलांना सांगा, कमी शिकवत नाहीत. राखीव अंतराळवीराला रशियन लोक ‘दुब्ल्योर’ म्हणतात. सिनेमात दुसऱ्याच्या जागी उभा राहणाऱ्यालाही तिकडे हाच शब्द आहे. मॉस्कोजवळच्या स्टार सिटीत मुख्य आणि राखीव अशा दोन्ही तुकड्या त्याच वर्गांना बसतात, त्याच सेंट्रिफ्यूजमध्ये गरगरतात, हिवाळ्यात त्याच बर्फाळ रानात रात्र काढतात. सोयुझ यानातल्या आसनाला आतून एक अस्तर असते. अंतराळवीराच्या पाठीचा प्लास्टरमध्ये ठसा घेऊन ते बेतलेले असते, कारण जमिनीवर उतरतानाचा दणका पाठीच्या कण्याला सोसायचा असतो. एकाचे अस्तर दुसऱ्याला चालत नाही, म्हणून दुब्ल्योरच्या पाठीचाही ठसा घेतला जातो. त्याचा ‘सोकोल’ हा अंतराळपोशाखही त्याच्याच मापाने शिवतात. शेवटची परीक्षाही दोन्ही तुकड्यांना द्यावी लागते. समोर बंद लिफाफे मांडलेले असतात, तुकडीने त्यातला एक उचलायचा. आत कोणते बिघाड लिहिले आहेत हे परीक्षकांना कळते, तुकडीला नाही. मग सिम्युलेटरमध्ये तासन् तास एकेक बिघाड समोर येत राहतो. ही परीक्षा झाल्यावर बायकोनूरच्या प्रक्षेपणतळावरही दोन्ही तुकड्या जातात. तिथे मुख्य तुकडीबरोबर राखीव तुकडीही लोकांपासून वेगळी ठेवतात.

१२ एप्रिल १९६१ च्या सकाळी प्रक्षेपणस्थळाकडे जाणाऱ्या बसमध्ये युरी गागारिन होते आणि त्यांच्या मागे गेरमान तितोव्ह. तितोव्ह यांच्याही अंगात पूर्ण अंतराळपोशाख होता. शेवटच्या घटकेला गागारिन यांना काही झाले असते, तर तितोव्ह तसेच उठून यानात बसले असते. गागारिन वर गेले आणि तितोव्ह यांच्या अंगावरचा पोशाख उतरवण्यात आला. त्या बसमधले दोघांचे छायाचित्र मी गेली कित्येक वर्षे बघतो आहे आणि दर वेळी माझी नजर आधी मागच्या आसनावर जाते. तितोव्ह यांना फार थांबावे लागले नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते व्होस्तोक-२ मधून गेले आणि दिवसभराहून अधिक काळ पृथ्वीभोवती फिरले. तेव्हा त्यांचे वय २५ होते. इतक्या कमी वयात पृथ्वीप्रदक्षिणा करणारा माणूस त्यानंतर आजतागायत झालेला नाही.

पण सगळ्या दुब्ल्योरांची गोष्ट अशी होत नाही. जून १९७१ मध्ये सोयुझ-११ यान साल्युत-१ या पहिल्या अंतराळस्थानकाकडे निघायचे होते. तुकडी ठरलेली होती: अलेक्सेई लिओनोव्ह, वालेरी कुबासोव्ह आणि प्योत्र कोलोदिन. उड्डाण दोन-तीन दिवसांवर आले असताना कुबासोव्ह यांच्या छातीच्या एक्स-रेमध्ये फुप्फुसावर डाग दिसला. डॉक्टरांना क्षयाची शंका आली. सोव्हिएत नियम असा होता की, बायकोनूरला पोचल्यावर तुकडीतला एक माणूस बाद झाला तर अख्खी तुकडीच बदलायची. लिओनोव्ह यांनी खूप हुज्जत घातली. एकट्या कुबासोव्ह यांच्या जागी व्लादिस्लाव व्होल्कोव्ह यांना घ्या, असे त्यांचे म्हणणे होते. ते मान्य झाले नाही. ६ जूनला दोब्रोव्होल्स्की, व्होल्कोव्ह आणि पात्सायेव्ह ही राखीव तुकडी वर गेली. ते तिघे साल्युतवर राहिले, त्यांनी काम चोख केले. ३० जूनला परत येताना यानाचे भाग एकमेकांपासून सुटत असताना हवा खेळती ठेवणारी एक झडप अवेळी उघडली आणि केबिनमधली हवा अंतराळात निघून गेली. हाताने ती झडप बंद करायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ शुद्धीवर राहण्यापुरतीही हवा उरली नाही. तिघांच्या अंगात दाबपोशाख नव्हते, कारण ते घालून तिघे आत मावत नसत. यान कझाकस्तानात नीट उतरले, दार उघडले तेव्हा तिघेही गेलेले होते. यानंतर जवळपास दहा वर्षे सोयुझमधून दोघेच जात राहिले, पण दाबपोशाख घालून.

कुबासोव्ह यांना क्षय नव्हताच. एका कीटकनाशकाची ती अ‍ॅलर्जी होती.

अमेरिकनांनी याच्या वर्षभर आधी नेमके उलट केले होते. अपोलो-१३ च्या राखीव तुकडीतले चार्ली ड्यूक यांना एका ओळखीच्या मुलाकडून जर्मन गोवर झाला. मुख्य तुकडीशी त्यांचा संपर्क आलेला होता आणि त्या तुकडीतल्या केन मॅटिंगली यांना तो आजार पूर्वी होऊन गेलेला नव्हता. उड्डाण दोन दिवसांवर असताना एकट्या मॅटिंगली यांना काढून राखीव तुकडीतले जॅक स्विगर्ट यांना घेतले गेले. नाटकवाले याला ‘रिप्लेसमेंट’ म्हणतात. नटाला ताप आला की दुसरा दोन तालमींवर उभा राहतो. स्विगर्ट यांनाही मुख्य तुकडीतल्या लव्हेल आणि हेझ यांच्याबरोबर सिम्युलेटरमध्ये तशाच घाईच्या तालमी मिळाल्या. पुढे चंद्राच्या वाटेवर यानातली ऑक्सिजनची टाकी फुटली, ती कथा तुम्हाला ठाऊक आहे. मॅटिंगली यांना गोवर झालाच नाही.

कोणाची पद्धत बरोबर? पूर्वी मला अमेरिकनांची शहाणपणाची वाटे. एक दात किडला म्हणून सगळी बत्तिशी काढायची नसते. आता माझे मत बदलले आहे. तीन माणसे दोन-दोन वर्षे एकत्र सराव करतात तेव्हा शब्द न बोलता कोणाचा हात कोणत्या कळीकडे जाईल, हे एकमेकांना कळू लागते. दोन दिवसांत ते कोणाला शिकवता येत नाही. स्विगर्ट निभावून गेले, कारण त्या यानातल्या बिघाडांच्या कार्यपद्धती ठरवण्यात त्यांचा स्वतःचा हात होता. आणि सोयुझ-११ चे तिघे नियमामुळे गेले नाहीत, झडपेमुळे गेले. नियम कठोर होता, तरी मला तो पटतो. पण त्याची किंमत कोलोदिन यांनी मोजली. लिओनोव्ह आणि कुबासोव्ह १९७५ मध्ये अपोलो-सोयुझ मोहिमेत एकत्र गेले. कोलोदिन मात्र कधीच अंतराळात गेले नाहीत.

आता आपल्या घरातला दुब्ल्योर. राकेश शर्मा ३ एप्रिल १९८४ ला सोयुझ टी-११ मधून साल्युत-७ कडे गेले, तेव्हा मी शाळेत होतो. वर्तमानपत्रात दोन भारतीयांचा एकत्र फोटो आला होता. मी कात्रीने शर्मांचा चेहरा कापून वहीत चिकटवला आणि उरलेला अर्धा रद्दीत गेला. त्या अर्ध्या भागात विंग कमांडर रवीश मल्होत्रा होते. हुद्द्याने ते शर्मांपेक्षा वरचे. तेही वैमानिक, तेही कुटुंबासह स्टार सिटीत राहिले, तेही रशियन शिकले, सेंट्रिफ्यूजमध्ये बसले. त्यांच्या राखीव तुकडीत साल्युत-७ वर २११ दिवस काढून आलेले बेरेझोव्हॉय आणि मुरलेले ग्रेच्को होते. कागदावर ती तुकडी मुख्य तुकडीपेक्षा जराही उणी नव्हती. मल्होत्रांना उड्डाणाची संधी पुन्हा आली नाही. तो अर्धा फोटो आजही मला हवा आहे.

२५ जून २०२५ रोजी शुभांशु शुक्ला अ‍ॅक्सिअम-४ मोहिमेवर निघाले तेव्हा त्यांचे राखीव होते प्रशांत नायर. या दोघांनीही गगनयानसाठीचे प्रशिक्षण आधी एकत्रच घेतले आहे आणि गगनयानच्या चौघांच्या यादीत दोघांचीही नावे आहेत.

सातारच्या बाईंना विनंती: वर्गाच्या भिंतीवर चित्र लावाल तेव्हा शर्मांच्या शेजारी मल्होत्रांचे आणि शुक्लांच्या शेजारी नायर यांचेही लावा. टाकीत आपण पुढच्या आठवड्यात उतरू.