फाशी हवेला, चोर मोकळा

शहादा तालुक्यातल्या ब्राह्मणपुरीच्या शिवारात पपईची तोडणी सुरू झाली की बांधावर रद्दी पेपरचे गठ्ठे येऊन पडतात. झाडावरून उतरलेलं फळ आधी कागदात गुंडाळलं जातं, मगच गाडीत चढतं. गाडीच्या तळाला मऊ थर, त्यावर फळांची रांग, फटीत पुन्हा कागद. भरणारा माणूस दोनच गोष्टी पाहतो. फळ फळाला घासता कामा नये आणि एकही फळ जागचं हलता कामा नये. एवढं जमलं की इथली पपई खड्ड्याखळग्यांतून थेट दिल्लीच्या बाजारापर्यंत जाते.

याच शिवारातून उत्तरेला सातपुडा दिसतो. त्याच्या कुशीतला तोरणमाळचा घाट माउंटन बाइकवाल्यांना खुणावत असतो. आता समजा, घाटाची चटक लागलेल्या गावातल्या एखाद्या तरुणाला वाटलं, आपली सायकल घेऊन लेहला जावं. नंदुरबारहून रेल्वेने सुरत, तिथून विमानाने दिल्ली आणि पुढे लेह. बेत ऐकल्याबरोबर दहा जण त्याला एकच सल्ला देतील : ‘टायरमधली हवा पूर्ण काढ, नाहीतर वर गेल्यावर फुटेल!’

तो बिचारा इमानाने हवा काढतो आणि सायकल जशीच्या तशी खोक्यात कोंबतो. लेहला खोकं उघडतो तेव्हा टायर शाबूत असतात. पण गिअर बदलणारा मागचा डिरेलर आत वाकलेला असतो आणि ब्रेकची चकती लचकलेली असते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

हवेचा हिशेब

विमान दहा-अकरा हजार मीटरवरून उडतं. तिथे बाहेरची हवा फारच विरळ असते. म्हणून प्रवासी बसतात त्या भागात हवा दाबून भरलेली असते. ती समुद्रसपाटीइतकी दाट नसते. फार तर 2400 मीटर उंचीच्या डोंगरावर असावी इतपत विरळ होऊ दिली जाते. आपल्याला माहीत नसतं ते पुढचं : प्रवासी विमानात सामानाचा कप्पाही त्याच दाबाखाली असतो. पायाखालची फळी ओलांडली म्हणजे अंतराळ सुरू होत नाही.

आता आकडे मांडू. समुद्रसपाटीवर हवेचा दाब 14.7 पीएसआय असतो, 2400 मीटरवर सुमारे 10.9. पंपाचा काटा दाखवतो तो टायरच्या आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक. माउंटन बाइकच्या टायरमध्ये काट्याप्रमाणे 30 पीएसआय हवा असेल, तर बाहेरचा दाब 3.8 ने उतरल्यावर काटा 33.8 दाखवेल. बस, एवढंच. शिवाय सामानाच्या कप्प्यात गारवा असतो. 30 अंशांवर भरलेली हवा 10 अंशांवर आली की आतला दाब जवळपास तीन पीएसआयने घटतो, म्हणजे वाढलेलं बहुतेक परत वजा. अगदी पोकळीत नेऊन ठेवला तरी हा टायर 44.7 च्या वर जाणार नाही. बऱ्याच माउंटन बाइकच्या टायरांच्या कडेवर 50 च्या आसपासची मर्यादा छापलेली असते.

हाच प्रयोग तोरणमाळला जाताना दर वेळी होतो. तोरणमाळ सुमारे 1150 मीटर उंचावर आहे. तापीकाठच्या सपाटीवरून तिथवर साधारण हजार मीटरची चढण आहे आणि तेवढ्यात बाहेरचा दाब सुमारे दीड पीएसआयने कमी होतो. विमानात जे होतं त्याचा निम्म्याच्या जवळपासचा भाग घाटातच होऊन जातो. टायर फुटायच्या भीतीने कुणी सायकल ढकलत वर नेत नाही.

लेहची गंमत तर आणखी वेगळी आहे. लेहचा विमानतळ 3256 मीटरवर आहे, म्हणजे विमानातल्या हवेने गाठलेल्या ‘उंची’पेक्षाही वर. तिथला दाब दहा पीएसआयच्याही जरा खाली. टायरवर सगळ्यात जास्त ताण येतो तो आकाशात नव्हे, विमानातून उतरून धावपट्टीच्या कडेला उभं राहिल्यावर! आणि तो ताणही जेमतेम पाच पीएसआयचा. चिप्सचं पाकीट विमानात फुगतं, त्याहून टम्म ते लेहच्या बाजारात फुगलेलं असतं.

तरी विमान कंपन्या हवा कमी करा असं सांगतात. काउंटरवर वाद घालण्यात अर्थ नाही. हवा निम्मी करावी. पण पूर्ण काढू नये. चपटा टायर खोक्यात रिमचं रक्षण करत नाही. ट्यूबलेस असेल तर टायरची कड रिमवरून सुटते आणि भोक बुजवणारं पातळ रसायन सगळ्या खोकाभर सांडतं.

चोर कुठे असतो?

आपल्याकडे देशांतर्गत उड्डाणांना बहुधा मधोमध एकच वाट असलेली लहान अंगाची विमानं असतात. त्यांच्या पोटातला सामानाचा कप्पा इतका बुटका असतो की आतल्या माणसाला ताठ उभं राहता येत नाही. तो गुडघ्यांवर बसून बॅगा रचतो. खोक्यावर ‘उभं ठेवा’ असा बाण कितीही मोठा काढा, जागा नसेल तर ते आडवं होणार आणि त्याच्यावर चार बॅगा येणार. त्याआधी ते पट्ट्यावरून, हातगाडीवरून, ट्रॉलीवरून गेलेलं असतं. पडलं तर या अदलाबदलीतच पडतं.

पडण्याचं गणित सोपं आहे. एक मीटरवरून सुटलेलं खोकं जमिनीला टेकताना ताशी 16 किलोमीटर वेगात असतं. त्याला थांबायला किती अंतर मिळतं यावर सगळं अवलंबून. पडण्याची उंची भागिले थांबण्याचं अंतर, इतके पट वजन त्या क्षणी वस्तूवर येतं. पातळ पुठ्ठ्याने पाच मिलिमीटरमध्ये थांबवलं तर 200 पट : 14 किलोची सायकल क्षणभर 2800 किलोंची होते. पाच सेंटिमीटर फोम असेल तर तेच 20 पट. उंची तीच, वेग तोच. फक्त थांबायला दहापट जागा दिली. पपईभोवतीचा कागद हीच जागा विकत देतो, तीही रद्दीच्या भावात.

पुठ्ठ्याचं खोकंही साधं समजू नका. लाटा असलेल्या कागदाचं पहिलं पेटंट 1856 साली इंग्लंडमध्ये घेतलं गेलं, ते उंच टोप्यांना आतून आधार द्यायला. 1871 मध्ये अमेरिकेत अल्बर्ट जोन्सने त्याच कागदाचा उपयोग बाटल्या आणि कंदिलाच्या काचा गुंडाळण्यासाठी केला. लाटा उभ्या असल्या की प्रत्येक लाट बारीक खांबासारखी भार पेलते. खोकं आडवं झालं की हे खांब निजतात. मग वरचं ओझं थेट सायकलवर. म्हणून खोक्याच्या दोन्ही बाजू दबू नयेत यासाठी आत दोन-तीन ठिकाणी लाकडाचे किंवा पाइपचे तुकडे, खोक्याच्या रुंदीइतके कापून, पक्के बसवायचे. आणि पावसाळ्यात खोकं ओलाव्यापासून जपायचं, कारण दमट पुठ्ठा आपली बरीच ताकद गमावतो.

नाजूक जागा

माउंटन बाइक दगडांवर आपटायला बनवलेली असते. मग खोक्यात ती का मोडते? कारण ती बनवली आहे ती चाकाकडून येणारा धक्का झेलायला. बाजूने येणारा मार तिच्या हिशेबात नाही. ॲल्युमिनियमच्या नळीची भिंत काही ठिकाणी मिलिमीटरच्या आसपास जाड असते. कार्बनचे धागे लांबीच्या दिशेने ओढले तर पोलादाला भारी पडतात, पण आडवा टोकदार मार लागला की आतल्या आत तडकतात. बांगडीसारखंच : मनगटावर वर्षभर टिकते, कडेवर दाबली की गेली.

सगळ्यात कच्चा दुवा मागच्या चाकापाशी असतो. डिरेलर ज्या बोटभर तुकड्याला लटकतो त्याला हँगर म्हणतात. तो मुद्दाम मऊ धातूचा करतात, म्हणजे मार बसला तर महागडी फ्रेम वाचावी आणि तो वाकावा. घरच्या फ्यूजचीच ही युक्ती. म्हणून डिरेलर सोडवून, जुन्या बनियनमध्ये गुंडाळून, चेनसकट फ्रेमच्या मागच्या त्रिकोणात आतल्या बाजूला बांधायचा. जादा हँगर खिशात ठेवला तर उत्तमच. प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो आणि परगावच्या दुकानात तो मिळेलच असं नाही.

दुसरी जागा ब्रेकची. डिस्कची चकती दोन मिलिमीटरपेक्षाही पातळ असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना पॅडपर्यंतची फट केसाएवढी. चकती किंचित लचकली तरी चाक प्रत्येक फेऱ्याला कुरकुरणार. ती सोडवून वहीच्या पुठ्ठ्यांत ठेवावी. चाक काढलेलं असताना चुकून ब्रेक दाबला गेला तर आतले पिस्टन पुढे सरकून पॅड एकमेकांना चिकटतात, कारण या ब्रेकमधलं तेल दबत नाही, ते ढकलतं. पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याची घडी सरकवली की काम भागतं. याच तेलाच्या टाकीत हवेचा एखादा बुडबुडा असेल तर विमानातल्या कमी दाबात तो सुमारे एक तृतीयांशाने फुगतो, आणि सायकल उलटी राहिली तर नळीत शिरतो. पोहोचल्यावर ब्रेक लुळा वाटला तर घाबरू नये. सायकल रात्रभर उभी ठेवावी, मग लीव्हर पुन्हापुन्हा दाबून पाहावा. तरीही तो घट्ट झाला नाही, तर उतारावर जायचं नाही.

चाकं काढली की पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कचे दोन पाय आणि मागची दोन टोकं उघडी पडतात. बाजूने दाब आला की ती आत दबतात. तिथे अक्षाच्या लांबीचा ठोकळा अडकवायचा. नव्या सायकलींसोबत प्लास्टिकचा तुकडा येतो, तो दुकानदार बऱ्याचदा फुकट देतो. पॅडल सोडवताना मात्र डोकं लावावं लागतं. डाव्या पॅडलचा आटा उलटा असतो. पाय मारताना अक्ष आपल्या भोकात घरंगळत फिरतो आणि सरळ आटा असता तर हळूहळू सुटला असता. लक्षात ठेवायची खूण अशी : पान्याचं टोक वर ठेवा आणि मागच्या चाकाकडे ओढा, दोन्ही पॅडल सुटतात.

काटा, फूटपट्टी आणि बॅटरी

सामानाच्या बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची मिळून 158 सेंटिमीटरच्या आत भरावी, असा सर्वसाधारण नियम. सायकलचं खोकं 140 बाय 80 बाय 25 धरलं तर बेरीज 245 होते. त्यामुळे ते अवजड किंवा खेळाचं सामान म्हणून आधी कळवून न्यावं लागतं. देशात साध्या तिकिटावर बहुधा 15 किलो सामान चालतं; सायकल 14, खोकं चार-पाच, म्हणजे मर्यादा तिथेच ओलांडली. हत्यारं आणि बूट भरता भरता एक नग 32 किलोंच्या वर गेला तर बऱ्याच ठिकाणी घेतच नाहीत. तो उचलणाऱ्या माणसाच्या कमरेचा विचार आहे.

खोकं वेगळं कार्गोने पाठवायचं म्हटलं तर हिशेब बदलतो. तिथे लांबी, रुंदी, उंचीचा गुणाकार सहा हजाराने भागतात. आपल्या खोक्याचे 2,80,000 घनसेंटिमीटर म्हणजे जवळपास 47 किलोंचं भाडं. कापसाचं पोतं वजनावर नव्हे, जागेवर भाडं खातं, हे आपल्या भागात कुणाला समजावून सांगायला नको.

विजेवर चालणारी सायकल असेल तर घोडं इथेच अडतं. लिथियम बॅटरी 100 वॉट-तासांपर्यंत चालते, 160 पर्यंत कंपनीच्या परवानगीने, त्यापुढे प्रवासी विमानात नाही. ई-बाइकच्या बॅटऱ्या सहसा 400 च्या पुढे असतात. बॅटरीतला एक घट बिघडला की त्याच्या उष्णतेने शेजारचा पेटतो आणि ही साखळी विझवणं कठीण. चेनवर मारायचे ज्वलनशील स्प्रेही घरीच ठेवावेत.

परदेशी जायचं असेल तर एक काम आणखी : सायकल धुवा. 2018 साली पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने 159 दिवसांत सायकलवरून जगप्रदक्षिणा केली. 29 हजार किलोमीटर पायाने, पण समुद्र आला की सायकलही विमानात. तिच्या वाटेवरच्या ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये टायरला चिकटलेली माती हा गंभीर विषय आहे, कारण मातीच्या ढेकळातून तणाचं बी, बुरशी आणि सूत्रकृमी देशात शिरतात. ब्राह्मणपुरीची काळी माती कपाशीला कितीही मानवली, तरी तिकडे तिला प्रवेश नाही.

सगळं बांधून झालं की टेप लावण्याआधी आत एक फोटो चिकटवा, सायकल कशी बसवली होती त्याचा. क्ष-किरण तपासणीत शंका आली तर खोकं उघडलं जातं, आणि उघडणाऱ्याला ते परत कसं भरायचं हे कळायला हवं.

मग खोक्याच्या दोन्ही कडा धरून ते नारळासारखं कानाशी हलवून पाहा. आत काही खडखडलं तर काहीतरी सुटं आहे, आणि सुटं आहे ते पुढच्या हजार किलोमीटरमध्ये दुसऱ्या कशाला तरी घासणार आहे. टेप काढा, रद्दी आणा, फट भरा. टायरमध्ये उरलेली हवा मात्र तशीच राहू द्या.