वनजमीन परत मिळाली. अधिवास कसा परतणार?

बंगळुरू शहराच्या पूर्वेकडील महादेवपुरा परिसर माहिती तंत्रज्ञान उद्योगासाठी ओळखला जातो. याच परिसरातील काडुगोडी येथील १२० एकर वनजमीन कर्नाटकच्या वन विभागाने जून २०२५ मध्ये ताब्यात घेतली. म्हैसूर संस्थानाच्या काळात, १८९६ मध्ये, हे क्षेत्र वन म्हणून अधिसूचित झाले होते. जमिनीचे बाजारमूल्य सुमारे ४,००० कोटी रुपये असल्याचे सांगण्यात आले. तेथे अनेक दशके शेती करीत असल्याचा दावा करणाऱ्या दलित कुटुंबांनी मात्र या कारवाईस विरोध दर्शविला.

अधिसूचनेमुळे भूमीला वनाचा दर्जा मिळतो. परंतु अन्न, पाणी, निवारा आणि प्रजननासाठी सुरक्षित जागा उपलब्ध असेल, तरच ते वन सजीवांचा अधिवास ठरते.

नैसर्गिक वनाची रचना थरांची असते. उंच वृक्षांवर घारी घरटी बांधतात. झुडपांमध्ये लहान पक्षी आश्रय घेतात. जमिनीवरील पालापाचोळ्यात सातभाई कीटक शोधतात, तर बुरशी आणि वाळवी त्याच पाचोळ्याचे विघटन करून मातीला पोषकद्रव्ये परत देतात. वड, पिंपळ आणि उंबर यांची फळे अनेक पक्ष्यांना व वटवाघळांना अन्न पुरवितात. त्यांच्या विष्ठेतून बिया दूरवर पसरतात आणि नवी झाडे उगवतात.

केवळ वृक्षांची संख्या वाढविल्याने ही साखळी निर्माण होत नाही. कर्नाटकात मोठ्या प्रमाणावर लावल्या गेलेल्या निलगिरीला पक्ष्यांनी खावीत अशी रसाळ फळे येत नाहीत. तिच्या दाट लागवडीखाली अन्य वनस्पतीही विरळच वाढतात. भूजलावरील परिणामांच्या चिंतेमुळे राज्य शासनाने २०१७ मध्ये निलगिरीच्या नव्या लागवडीवर बंदी घातली.

वृक्षांमधील सलगताही तितकीच महत्त्वाची असते. बंगळुरूच्या जुन्या, वृक्षाच्छादित आवारांमध्ये स्लेंडर लोरिस हा लहानसा निशाचर प्राणी आढळतो. तो उड्या मारीत नाही. एका फांदीवरून दुसरीवर हळूहळू सरकतो. वृक्षांच्या रांगेत खंड पडल्यास त्याचा मार्गच खुंटतो. त्यामुळे वनाचा तुकडा राखताना त्याला जोडणारे तलावांचे काठ आणि रस्त्याकडेची झाडे राखणेही आवश्यक ठरते.

काडुगोडी येथे कुंपण काही दिवसांत उभारता येईल. स्थानिक वृक्षप्रजाती, झुडपे आणि गवत यांचे थर पुन्हा तयार होण्यास मात्र अनेक वर्षे लागतील. तेथे राबलेल्या कुटुंबांच्या दाव्यांचा न्याय्य निर्णय झाल्यास वनाच्या रक्षणासाठी स्थानिकांचे सहकार्य मिळणेही सुलभ होईल.