मागं वळून पाहणारी मुलगी

दिवाळीत लोधीखेड्याला घरी गेलो होतो. माझी बहीण गावातच दिली आहे. भाच्याने मोबाईलवर केलेला चार मिनिटांचा व्हिडिओ कौतुकाने दाखवला. संत्र्याचा बगीचा, सायकल, शाळेचा रस्ता आणि स्लो मोशनमध्ये मागे वळून पाहणारी मुलगी. दुसऱ्या कुठल्या मुलीच्या घरून परवानगी मिळेना, म्हणून त्याने दहावीतल्या स्वतःच्या बहिणीलाच उभं केलं होतं. हिरो आणि ती एकाही फ्रेममध्ये सोबत नव्हते!

आम्ही खूप हसलो. भाची मात्र म्हणाली, "मामा, याच्यात मी काहून आहो? मी तं नुसती मांगं वळून पायतो."

तिचा प्रश्न डोक्यातून जाईना. 'शाळा' २०१२ साली आला, 'फँड्री' आणि 'टाइमपास' २०१४ मध्ये. तिन्ही मला आवडतात, पण तिन्हींत आपण मुलाच्या डोळ्यांनी मुलीकडे पाहतो. २०१६ च्या 'सैराट'मध्ये आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते. त्याच वर्षी जिओमुळे खेड्यापाड्यांत इंटरनेट स्वस्त झालं आणि आमची पोरं व्हिडिओ करू लागली. त्यांनी 'सैराट'मधलं स्लो मोशन उचललं, ट्रॅक्टर तिथेच राहिला.

तरी मला या पोरांचं कौतुक आहे. आमच्याकडे शाळेत हिंदी आणि घरी मराठी. आमची बोली पडद्यावर आलीच तर हसवायला येते. साताऱ्याकडच्या 'गावाकडच्या गोष्टी' या वेबसिरीजने दाखवून दिलं, की गाव आणि गावची माणसं गोष्टीला पुरतात. आमची पोरंही आता आपल्याच बोलीत बोलतात.

मी भाचीला म्हटलं, "मग तुझी गोष्ट तू कर."

दुसऱ्या दिवशी तिने खिडकीत मोबाईल ठेवला आणि भाऊजींना बापाचं काम दिलं. कागदावर तिने एकच प्रसंग लिहिला होता. मुलगी विचारते, "बाबा, बारावीनंतर मी नागपूरले शिकाले जाऊ काय?" त्यावर बापाने "नाही" म्हणायचं होतं.

भाऊजी बोललेच नाहीत. बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "बंद कर थे."

तो व्हिडिओ अजून अर्धाच आहे. मी अठराव्या वर्षी इंजिनिअरिंगसाठी नागपूरच्या बसमध्ये बसलो, तेव्हा मला कुणाला काही विचारावं लागलं नव्हतं. म्हणून माझ्या वयात येण्याच्या गोष्टीत तो प्रसंगच नाही. तिच्या गोष्टीची सुरुवातच तिथून होते.

परवा भाऊजींचा फोन आला होता. नागपुरात मुलींची चांगली होस्टेलं कोणती, विचारत होते.