विश्लेषण : ‘१८.३१’ आणि ‘१८ अंश ३१ मिनिटे’ यांत २३ किलोमीटरचा फरक का पडतो? मोबाइलपासून पगारापर्यंत ‘साठ’चा हिशेब

पुण्याचे स्थान नकाशाच्या भाषेत १८ अंश ३१ मिनिटे १३ सेकंद उत्तर आणि ७३ अंश ५१ मिनिटे २४ सेकंद पूर्व असे लिहिले जाते. हीच माहिती घाईत ‘१८.३११३, ७३.५१२४’ अशी टाइप करून मोबाइलच्या नकाशात टाकली, तर पिन पुण्यात पडत नाही. ती शहरापासून सरळ रेषेत सुमारे ४३ किलोमीटर दूर, रायगड आणि तोरणा या किल्ल्यांच्या मधल्या डोंगररांगेत पडते. नकाशा कोणतीही चूक दाखवत नाही. आकडे बरोबर, अॅप बरोबर, तरी ठिकाण चुकीचे!

कारण एका टिंबात आहे. अंशांचे मिनिट हा अंशाचा शंभरावा नव्हे, साठावा भाग असतो. वाट चुकलेल्या ट्रेकरने मित्रांना पाठवलेले लोकेशन असो, इंजिन बंद पडलेल्या मासेमारी बोटीने सांगितलेली जागा असो किंवा कारखान्यातल्या ओव्हरटाइमचा तक्ता असो, साठाचा हिशेब शंभराचा समजून केला की नुकसान ठरलेले. ते नेमके कसे होते?

टिंबाचा घोळ

रोजच्या व्यवहारात रुपये-पैसे, मीटर-सेंटिमीटर, किलो-ग्रॅम हे सगळे दशमान पद्धतीत चालते. साडेतीन रुपये म्हणजे ३.५०. पण साडेतीन तास म्हणजे ३ तास ३० मिनिटे, आणि मराठीत आपण वेळ लिहितो ‘३.३०’. वर्तमानपत्रेही ‘सायंकाळी ६.३० वाजता’ असेच छापतात. हे टिंब दशांश चिन्ह नाही, फक्त तास आणि मिनिटे वेगळी करणारी खूण आहे. वाचणाऱ्या माणसाला ते कळते. कॅल्क्युलेटरला कळत नाही.

क्रिकेट पाहणाऱ्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. धावफलकावर ‘१९.४ षटके’ दिसते तेव्हा त्यातला ४ हा दशांश नसतो. ते चार चेंडू असतात. १६५ धावांना थेट १९.४ ने भागले तर धावगती ८.५१ येते. प्रत्यक्षात ११८ चेंडू झालेले असतात, म्हणजे १९.६७ षटके आणि धावगती ८.३९. तिथे सहाचा हिशेब, इथे साठाचा.

गंमत म्हणजे बोलताना मराठी माणूस ही चूक करत नाही. ‘पावणेनऊ’, ‘सव्वादोन’, ‘दीड तास’, ‘अडीच तास’ हे शब्द पाव भागांवर उभे आहेत. पावणेनऊ तास म्हणजे पाऊण तासाची भर घातलेले आठ तास, म्हणजे थेट ८.७५. घोळ सुरू होतो तो ‘८.४५’ लिहून पुढे गुणाकार केल्यावर.

पगारात किती फटका बसतो?

समजा, हजेरीच्या तक्त्यात एका कामगाराचे रोजचे काम ८ तास ४५ मिनिटे आहे आणि तासाला १०० रुपये दर आहे. हिशेब करणाऱ्याने ८.४५ ला १०० ने गुणले की ८४५ रुपये येतात. खरे उत्तर ८.७५ गुणिले १००, म्हणजे ८७५ रुपये. दिवसाला ३० रुपये गेले. महिन्याचे २६ दिवस धरले तर ७८० रुपये, म्हणजेच ७ तास ४८ मिनिटांचे काम. जवळजवळ एक पूर्ण दिवस फुकट.

या चुकीचे माप सोपे आहे. एक मिनिट ‘.०१ तास’ म्हणून मोजले की त्याचे ३६ सेकंदच होतात. म्हणजे प्रत्येक मिनिटामागे २४ सेकंद हरवतात. ४५ मिनिटांमागे १८ मिनिटे. चूक नेहमी एकाच दिशेने, काम करणाऱ्याच्या विरोधात जाते. त्यामुळे महिनाअखेर ती आपोआप भरून निघत नाही, साचतच जाते.

उलटा गोंधळही होतो. काही सॉफ्टवेअर तास थेट दशांशात दाखवतात. तिथे ‘८.३०’ दिसले तर ते साडेआठ तास नसून ८ तास १८ मिनिटे असतात. त्यामुळे पगाराची स्लिप पाहताना पहिला प्रश्न हाच विचारायला हवा, की हे टिंब कोणते?

एक्सेल वापरणाऱ्यांसाठी आणखी एक सापळा आहे. त्यात वेळ टिंबाऐवजी विसर्गासारख्या दोन टिंबांनी लिहिली की प्रोग्राम ती दिवसाचा अपूर्णांक म्हणून साठवतो. बेरीज बरोबर होते, पण २४ तासांपुढे गेली की नेहमीच्या फॉरमॅटमध्ये आकडा पुन्हा शून्यापासून दिसू लागतो. २६ तास १५ मिनिटांची बेरीज ‘२ तास १५ मिनिटे’ अशी दिसते. कस्टम फॉरमॅटमध्ये तासाचे अक्षर चौकोनी कंसात टाकले की पूर्ण तास दिसतात. मजुरी काढण्यासाठी मात्र त्या चौकटीला आधी २४ ने गुणावे लागते, मग तासाच्या दराने.

साठच का?

साठाला १, २, ३, ४, ५, ६, १०, १२, १५, २०, ३० आणि ६० अशा बारा संख्यांनी पूर्ण भाग जातो. शंभराला फक्त नऊ. तासाचा तिसरा हिस्सा नेमका २० मिनिटे. रुपयाचा तिसरा हिस्सा मात्र ३३.३३ पैसे करत बसावे लागते. अपूर्णांक टाळून वाटणी करायची असेल तर साठ ही फारच सोयीची संख्या आहे.

आजच्या इराकमधील प्राचीन मेसोपोटेमियात ही पद्धत रुजली. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संग्रहात सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीची मातीची एक छोटी पाटी आहे. तिच्यावर चौरस, त्याचे कर्ण आणि साठाच्या पद्धतीत चार आकडे कोरले आहेत : १, २४, ५१, १०. म्हणजे १ अधिक २४ भागिले ६०, अधिक ५१ भागिले ३६००, अधिक १० भागिले २,१६,०००. उत्तर १.४१४२१३. दोनाच्या वर्गमुळातून ते वजा केले तर उरणारा फरक दशांशानंतरच्या सातव्या स्थानावर दिसतो. हातात फक्त माती आणि बोरू असताना!

हीच पद्धत पुढे ग्रीक खगोलशास्त्राने उचलली. दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात टॉलेमीने कोनांचे तक्ते साठाच्या अपूर्णांकांत मांडले. लॅटिनमध्ये अंशाच्या पहिल्या छोट्या भागाला ‘मिनुता प्रिमा’ आणि त्याच्याही साठाव्या, म्हणजे दुसऱ्या छोट्या भागाला ‘मिनुता सेकुंदा’ म्हटले गेले. घड्याळातले मिनिट आणि सेकंद तिथून आले. सेकंद म्हणजे शब्दशः ‘दुसरा’.

फ्रेंच राज्यक्रांतीत हे मोडण्याचा प्रयत्न झाला. १७९३ मध्ये १० तासांचा दिवस, १०० मिनिटांचा तास आणि १०० सेकंदांचे मिनिट असा आदेश निघाला. लोकांनी तो मनावर घेतला नाही. ७ एप्रिल १७९५ च्या ज्या कायद्याने मीटर आणि ग्रॅम पक्के केले, त्याच कायद्याने दशमान घड्याळ स्थगित केले.

पंचांगात साठ दोनदा

भारतीय कालगणनेत दिवसाचेच साठ भाग आहेत. एका अहोरात्रात ६० घटी, एका घटीत ६० पळे, एका पळात ६० विपळे. घटी म्हणजे २४ मिनिटे आणि पळ म्हणजे २४ सेकंद. ‘घटकाभर बसा’, ‘पळभर थांबा’, ‘शेवटच्या घटका मोजणे’ या वाक्प्रचारांत हीच एकके आहेत. मुहूर्तासाठी पाण्यावर ठेवायचे तळाला भोक असलेले घटिकापात्र भरून बुडायला एक घटिका लागावी, अशा बेताने घडवलेले असे. (वर ओव्हरटाइममध्ये प्रत्येक मिनिटामागे जे हरवत होते, तेही बरोबर एक पळच.)

जुन्या पंचांगांत तिथी कधी संपते ते सूर्योदयापासूनच्या घटी-पळांत दिलेले असते. समजा, १० घटी ३० पळे लिहिले आहे. १० घटींची २४० मिनिटे, ३० पळांची १२ मिनिटे. एकूण ४ तास १२ मिनिटे. सूर्योदय ६ वाजून २५ मिनिटांनी असेल तर तिथी १० वाजून ३७ मिनिटांनी संपली. ३० पळे म्हणजे अर्धी घटी हे लक्षात न घेता ‘१०.३०’ ला २४ ने गुणले, तर इथेही उत्तर पाच मिनिटांनी चुकते.

कोनांसाठीही तोच साचा आहे : अंशाच्या ६० कला, कलेच्या ६० विकला. शाळेच्या भूगोलात त्यांनाच आपण मिनिटे आणि सेकंद म्हणतो.

कोन आणि वेळ एकत्र कुठे येतात?

पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते. म्हणजे तासाला १५ अंश, एका अंशाला ४ मिनिटे, कोनाच्या एका मिनिटाला वेळेचे ४ सेकंद. भारताची प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखांशावर ठरते. त्याला १५ ने भागले की साडेपाच. म्हणून आपण ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे.

मुंबई साधारण ७२ अंश ५० मिनिटांवर आहे. फरक काढताना ३० मधून ५० जात नाहीत. उसने घ्यायचे ते दहा किंवा शंभर नव्हे, एक अंश मोडून साठ मिनिटे. म्हणजे ८१ अंश ९० मिनिटे वजा ७२ अंश ५० मिनिटे, उत्तर ९ अंश ४० मिनिटे. त्याची वेळ ३८ मिनिटे ४० सेकंद. मुंबईत घड्याळात बारा वाजले तरी सूर्य सरासरी तेवढा मागे असतो. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ लागू झाल्यानंतरही मुंबईत ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत टिकून होता. ती वेळ प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे चालायची.

मोबाइलवर लोकेशन पाठवताना

अक्षांश-रेखांश लिहिण्याच्या तीन पद्धती एकाच वेळी वापरात आहेत. नकाशाच्या अॅपमध्ये बोट दाबून धरल्यावर बहुधा नुसते दशांश अंश मिळतात : १८.५२०४, ७३.८५६७. आयफोनच्या कंपास अॅपमध्ये अंश, मिनिटे आणि सेकंद दिसतात. समुद्रावरच्या जीपीएसवर अनेकदा तिसरीच पद्धत असते, अंश आणि दशांश मिनिटे.

रूपांतर कठीण नाही. मिनिटांना ६० ने आणि सेकंदांना ३६०० ने भागून अंशांत मिळवायचे. उलट जायचे असेल तर टिंबानंतरचा भाग ६० ने गुणायचा. पूर्णांक म्हणजे मिनिटे, उरलेला अपूर्णांक पुन्हा ६० ने गुणला की सेकंद. ०.५२०४ गुणिले ६० म्हणजे ३१.२२४, आणि ०.२२४ गुणिले ६० म्हणजे १३. पुण्याची ३१ मिनिटे १३ सेकंद मिळाली.

आकडा कोणत्या पद्धतीतला हे ओळखण्याची अर्धवट खूण अशी : टिंबानंतरचे पहिले दोन अंक ६० किंवा त्याहून मोठे असतील तर ते मिनिटे असूच शकत नाहीत. पण ०० ते ५९ च्या दरम्यान असतील तर नुसत्या नजरेने सांगता येत नाही. शंभरपैकी साठ शक्यतांत चूक बिनबोभाट पुढे जाते ती त्यामुळेच. अक्षांशाच्या प्रत्येक मिनिटामागे ती सुमारे ७४० मीटरने वाढते. ३१ मिनिटांना २३ किलोमीटर, ५९ मिनिटांना ४३ किलोमीटरहून अधिक. दरीत उतरणाऱ्या बचावपथकासाठी एवढा फरक म्हणजे वेगळा तालुकाच.

दोन मिनिट-पद्धतींची अदलाबदल झाली तर चूक लहान असते, पण फसवी. ‘१८ अंश ३०.५० मिनिटे’ हे ‘३० मिनिटे ५० सेकंद’ असे वाचले गेले तर फरक सुमारे ६२० मीटरचा. जवळपास बरोबर वाटणारी जागा शोधून पथक परत फिरू शकते. रात्री, पावसात एवढे अंतर पुरे असते.

समुद्रात साठाचा हिशेब मात्र कामालाच येतो. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १८५२ मीटर. दोन बोटी एकाच रेखांशावर असतील आणि अक्षांशात १२ मिनिटांचा फरक असेल, तर अंतर १२ सागरी मैल. कॅल्क्युलेटर लागतच नाही. रेखांशाला हे लागू नाही, कारण रेखांश ध्रुवांकडे जवळ येत जातात. कोकणासमोर रेखांशाचे एक मिनिट सुमारे १.७६ किलोमीटर भरते.

अडचणीत तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर किंवा वायरलेसवर जागा सांगताना नुसते ‘अठरा पॉइंट चोपन्न पाच’ म्हणू नये. ‘अठरा अंश, चोपन्न पूर्णांक पाच मिनिटे, उत्तर’ असे एकक लावून सांगावे आणि समोरच्याकडून तेच पुन्हा म्हणवून घ्यावे. जमिनीवर असाल आणि नेट असेल तर आकडे टाइप करण्याच्या फंदात न पडता अॅपमधून पिनच शेअर करावी. नेट नसेल आणि एसएमएसच जात असेल, तर स्क्रीनवरचा आकडा अंश, मिनिटे, सेकंद या शब्दांसकट, जसा दिसतो तसा उतरवावा.