तोंडाने तांदळाची मुडी उचलणारा वाघ

चिनी सिंहनृत्य तुमच्या मुलांनी मोबाइलवर नक्की पाहिलं असेल. कापडाचा झुलता सिंह, आत दोन माणसं. आता त्यांना सांगा, आपल्या बेंगळुरूपासून रात्रभराच्या बसप्रवासावर एक वाघ नाचतो आणि त्याच्या अंगावर कापड नसतं, नुसता रंग असतो!

हा कर्नाटकच्या किनाऱ्यावरचा हुलिवेष. तुळूत वाघाला म्हणतात 'पिली', म्हणून तिथे हा 'पिलिवेष'. उडुपीत तो कृष्णजन्माष्टमीला रंगतो, मंगळुरूत नवरात्रात. अनेक जण देवीचा नवस म्हणून वाघ होतात. सोबत तासे वाजतात. हे नाव आपल्या ढोल-ताशातल्या ताशाच्या अगदी जवळचं आहे.

पिकाशी नातं काय?

या नाचातला सर्वात अवघड खेळ म्हणजे 'अक्की मुडी'. भाताच्या पेंढ्यात तांदूळ घट्ट बांधून केलेला गोल गठ्ठा म्हणजे मुडी. वजन साधारण चाळीस किलो. वाघ ती दातांनी उचलतो आणि मान झटकून मागे फेकतो. कोकणातल्या आजी-आजोबांना विचारून बघा, भाताची मुडी त्यांनाही माहीत असेल. या दिवसांत तिकडे नव्या भाताच्या लोंब्या घरात आणतात. मंगळुरूचे कोकणी ख्रिस्ती 8 सप्टेंबरला मोंती फेस्तला नवं साजरं करतात, तर आपल्या कोकणात नवान्न पौर्णिमा असते. वर्षाचं अन्न घरात येताना गावाला आपली ताकद दाखवावीशी वाटते, ती अशी.

रंगामागचे कष्ट

एक थर वाळल्याशिवाय दुसरा देता येत नाही. तोवर माणूस हात पसरून, बांबूला धरून उभा राहतो. ना बसता येतं, ना आडवं होता येतं. पुष्कळ ठिकाणी ऑइल पेंट वापरतात आणि तो काढायला रॉकेल लागतं. त्वचेची आग होते ती वेगळीच.

सोसायटीत पथक बोलावताय?

एचएसआर लेआउटमधल्या मुलांना ओणमची पूक्कळम आणि संक्रांतीचं एळ्ळु-बेल्ला ठाऊक आहे. त्यांच्या जोडीला हुलिवेष ठेवायचा विचार असेल तर एवढं जरूर करा:

• बिदागी आधी ठरवा. पाणी, जेवण, रंग धुवायला बाथरूम आणि साबण यांची सोय ठेवा.
• नाचून दमलेल्या वाघाला सेल्फीसाठी ओढू नका. रंग ओला असेल तर हातही लावू नका.
• मुलांना वाघ व्हायचं असेल तर पाण्याने धुतला जाणारा फेस पेंट घ्या. आधी मनगटावर ठिपका लावून पाहा.
• लहानगं घाबरलं तर बळेच पुढे ढकलू नका. लांबून बघू दे.

नाच संपला की मुलांना वाघाजवळ न्या आणि विचारायला लावा, "अण्णा, किती वेळ उभे होतात?" त्या उत्तरातून मुलांना जे कळेल ते व्हिडिओतून कळणार नाही.