सात पोत्यांचा ठोसा

गोंदियाच्या बाजारात तांदळाचं ५० किलोचं पोतं कधी हलवून बघितलंय? उचलायचं राहू द्या, नुसतं हलवून. नाही ना हललं? आता अशी सात पोती एकावर एक रचा. झाले ३५० किलो. ऑलिंपिकमध्ये खेळणाऱ्या बॉक्सरच्या एका सरळ ठोशात एवढा जोर असतो!

‘काहीही काय सांगता!’ असं म्हणणार असाल, तर थांबा. हे कुणीतरी खरोखर मोजलंय. २००५ साली छापून आलेल्या एका अभ्यासात शास्त्रज्ञांनी ऑलिंपिकच्या तयारीचे सात बॉक्सर बोलावले. काही शिडशिडीत, काही धिप्पाड. त्यांच्यासमोर एक पुतळा ठेवला, मोटारींची टक्कर तपासायला वापरतात ना, तसला. आत जोर मोजणारी यंत्रं. म्हणाले, मारा याच्या तोंडावर! बिचारा पुतळा. सरासरी आकडा निघाला ३४२७ न्यूटन. न्यूटन हे जोर मोजायचं एकक. त्याला ९.८ नं भागलं, की तेवढा जोर किती किलोच्या वजनाइतका ते कळतं. करा भागाकार, येतात की नाही साधारण ३५० किलो?

पोती आणि ठोसा यांत एक फरक मात्र आहे. पोती दिवसभर दाबत राहतील. ठोशाचा जोर तुमची पापणी मिटायच्या आत येतो आणि संपतोसुद्धा.

त्याच अभ्यासात आणखी दोन गोष्टी मोजल्या होत्या. पहिली म्हणजे मुठीचा वेग: सेकंदाला सुमारे ९ मीटर, म्हणजे ताशी ३३ किलोमीटर. दुसरी गोष्ट जास्त गमतीची आहे. मूठ आदळली तेव्हा किती वजनाची वस्तू आदळल्यासारखी वाटली? उत्तर आलं २.९ किलो.

आता सांगा, माणसाच्या हाताच्या पंज्याचं वजन किती असतं? मोठ्या माणसाचाही पंजा साधारण अर्ध्या किलोच्या आतबाहेर भरतो. मग वरचे जवळजवळ अडीच किलो आले कुठून?

ते आले मनगटामागून. ठोसा लागतो त्या क्षणी मनगट सरळ आणि घट्ट असेल, कोपर ढिलं पडलं नसेल, खांदा मागून टेकू देत असेल, तर समोरच्याला नुसती मूठ लागत नाही. मुठीमागचा हात आणि थोडं शरीरही लागतं. मनगट लुळं पडलं, की ते सगळं वजन मागेच राहतं. अभ्यासात धिप्पाड बॉक्सरांचे ठोसे जास्त जोरदार निघाले, पण त्याचं मुख्य कारण त्यांचा वेग नव्हता. त्यांच्या ठोशामागे वजन जास्त होतं.

म्हणून तर बॉक्सिंगमध्ये वजनगट असतात. ५० किलोच्या मुलीला ८५ किलोच्या मुलीसमोर उभं करत नाहीत. सगळ्यात वरच्या गटाचं नाव निघालं, की आपल्या विदर्भातल्या माणसांना एक नाव आठवलंच पाहिजे: अल्फिया पठाण. गोंदियाहून रेल्वेनं १३० किलोमीटरवर नागपूर, ती तिथली. एप्रिल २०२१ मध्ये पोलंडमधल्या किल्त्से शहरात जागतिक युवा बॉक्सिंग स्पर्धा झाली. तिथे अल्फियाताईनं ८१ किलोवरच्या गटात अंतिम लढत ५-० अशी जिंकली आणि सोनं आणलं. त्या स्पर्धेत भारताच्या मुलींनी एकूण सात सुवर्णपदकं मिळवली. (पुन्हा सातच! मी मुद्दाम करत नाहीये.)

तर, ठोशामागे वजन हवं हे कळलं. पण नुसतं वजन असून काय उपयोग? ते ढकलायला हवं. आणि ढकलणार कोण? दंड फुगवून दाखवणारे दादा तुम्ही पाहिले असतील. त्यांना वाटतं, ठोसा दंडातून निघतो. तो निघतो जमिनीतून.

खोटं वाटत असेल तर गुळगुळीत फरशीवर मोजे घालून उभे राहा आणि दोन्ही हातांनी भिंत हळूच ढकला. कोण हललं? भिंत तर नक्कीच नाही. तुम्हीच मागे घसरलात. आता मोजे काढा, एक पाय मागे रोवा आणि परत ढकला. हात तेच, भिंत तीच, पण आता चांगला जोर लागतोय. तुम्ही भिंतीला ढकलता तेव्हा भिंतही तुम्हाला तेवढ्याच जोरानं मागे ढकलते. न्यूटनसाहेबांचा तिसरा नियम. तो धक्का पायांनी जमिनीकडे पोचवला नाही, तर तुमचा जोर घसरण्यातच वाया जातो.

१९८५ साली सोव्हिएत संशोधकांनी १२० बॉक्सरांचे सरळ ठोसे तपासले. सगळ्यात तयारीच्या खेळाडूंमध्ये ठोशाच्या जोरातला साधारण ३८ टक्के वाटा पायांचा होता, ३७ टक्के धडाचा आणि फक्त २४ टक्के हाताचा. नवख्यांचं उलटं होतं. त्यांच्या पायांचा वाटा याच्या निम्म्याहूनही कमी होता. ते बिचारे हातानंच मारत सुटले होते. म्हणजे सराव वाढतो तसा ठोसा हातातून पायाकडे सरकत जातो. मला तर हे वाचून जरा वेळ विश्वासच बसला नव्हता.

जोर पायातून मुठीपर्यंत जातो कसा? गोंदिया जंक्शनवर उभी मालगाडी सुटताना पाहिलीत का? इंजिन हिसका देतं, पण सगळे डबे एकदम हलत नाहीत. खडाक्, खडाक्, खडाक् करत हिसका एका डब्यातून दुसऱ्यात जातो. ठोशातही तसंच. मागच्या पायाची टाच उचलली जाते, पाय जमिनीला ढकलतो. मग कंबर वळते. मग छाती. मग खांदा पुढे येतो, कोपर उघडतं आणि शेवटी मूठ सुटते. मूठ सगळ्यात शेवटी निघते आणि सगळ्यात वेगानं जाते.

यात एक गंमत आहे. मूठ वाटेत असताना हात सैल असावा लागतो! आधीपासूनच सगळे स्नायू आवळून धरले, तर ते एकमेकांनाच अडवतात आणि हात मंद होतो. आवळायचं ते फक्त लागण्याच्या क्षणी. सैल, सैल, सैल, घट्ट! शिकवणारे सर ‘खांदे सोड, खांदे सोड’ म्हणून ओरडत असतात ते याचसाठी.

समुद्रातल्या एका प्राण्याला तर हे कुणी शिकवावंच लागत नाही. मॅन्टिस श्रिंप नावाचा हा कोळंबीसारखा दिसणारा रंगीबेरंगी जीव. लांबी जेमतेम वीतभर. त्याचा एक प्रकार सेकंदाला २३ मीटर वेगानं ठोसा मारून शिंपले फोडतो. आपल्या ऑलिंपिकवाल्यांच्या दुपटीहून जास्त! त्याची युक्ती अशी, की स्नायूंनी हळूहळू ताण द्यायचा, कवचातला स्प्रिंगसारखा भाग वाकवायचा, तो खिटीनं अडकवून ठेवायचा आणि मग खिटी काढायची. आपल्याकडे खिटी नाही. पण कंबर आधी वळते आणि खांदा मागे राहतो, तेव्हा पोटापाठीचे स्नायू थोडे ताणले जातात आणि सुटताना जास्त जोरानं आखडतात. तीही छोटीशी स्प्रिंगच.

एवढ्या सगळ्या हालचाली योग्य क्रमानं आणि योग्य वेळी करायच्या, म्हणजे हे काम खरं तर कुणाचं? डोक्याचं! लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी २०१२ साली कराटेतल्या १२ ब्लॅक बेल्टवाल्यांची तुलना नेहमी व्यायाम करणाऱ्या, पण कराटे न शिकलेल्या १२ जणांशी केली. ठोसा मारायचा तो फक्त पाच सेंटिमीटर अंतरावरून. ब्लॅक बेल्टवाल्यांचा जोर जास्त निघाला. पण स्नायूंची ताकद तपासली, तर दोन्ही गट सारखेच! त्यांच्या मनगटाची आणि खांद्याची सर्वाधिक वेगाची वेळ मात्र छान जुळत होती. आणि मेंदूत बघितलं तर लहान मेंदूतल्या तारांची, म्हणजे निरोप नेणाऱ्या तंतूंची, घडणही वेगळी दिसली.

म्हणूनच कुणी व्यायाम सुरू केला, की पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते, पण दंड मात्र होता तेवढाच दिसतो. आरशासमोर उभं राहून नाराज व्हायचं कारण नाही. सुरुवातीला मेंदू आणि मज्जातंतू शिकत असतात. एका वेळी जास्त स्नायूतंतूंना कामाला कसं लावायचं, ते त्यांना कळत जातं. स्नायू जाड व्हायला त्यानंतर वेळ लागतो.

आणि दुखणं? ते तर आपल्या जिल्ह्यात घराघरात माहीत आहे. पावसाळ्यात धानाची रोवणी लागते. बांधीत चिखलपाण्यात दिवसभर वाकून पऱ्हे रोवायचे. पहिल्या दिवशी संध्याकाळी फार काही वाटत नाही. दुसऱ्या दिवशी मात्र मांड्या आणि कंबर अशी धरते की उठवत नाही. पुष्कळ जण म्हणतात, स्नायूंमध्ये आम्ल साठलं. पण ते आम्ल काम थांबल्यावर तासा-दोन तासांत निघूनही जातं. दुसऱ्या दिवशीचं दुखणं येतं ते स्नायूंच्या धाग्यांना झालेल्या बारीकबारीक इजांमुळे. शरीर त्या दुरुस्त करतं आणि करताना तो भाग जरा पक्का करून ठेवतं. म्हणून आठ-दहा दिवसांनी तेच काम करताना तितकं दुखत नाही. रोवणीच्या बाया हे कुठल्याही पुस्तकाशिवाय ओळखून असतात. बॉक्सरही तेच करतात: थोडा ताण, मग जेवण आणि झोप, मग आणखी थोडा ताण. यातली झोप वगळली तर दुरुस्तीवाले कामाला येणार कधी?

हाडंसुद्धा अशीच ऐकतात बरं का! हाड म्हणजे दगड नव्हे, ते जिवंत असतं. ज्युलियस वोल्फ नावाच्या जर्मन शल्यवैद्यानं १८९२ साली सांगितलं, की हाडावर जसा भार येईल तशी त्याची घडण बदलते. टेनिस खेळणाऱ्यांचा रॅकेट धरणारा हात तपासला, तर त्यातली हाडं दुसऱ्या हातातल्या हाडांपेक्षा जाड निघतात. पण हाड स्नायूपेक्षा फार सावकाश बदलतं. त्याला महिनेच्या महिने लागतात.

इथे मला जरा मोठ्यांसारखं बोलावं लागणार आहे. सिनेमात नायक भिंतीवर ठोसे मारून मूठ ‘पोलादी’ करतो. तुम्ही करू नका. पंज्यात २७ हाडं असतात, बरीचशी अगदी बारीक. रागानं भिंतीवर बुक्की मारली, की बहुतेक वेळा करंगळीमागचं हाड मोडतं. डॉक्टरांनी या दुखण्याला नाव दिलंय ‘बॉक्सरचं हाडमोडं’. पण खरा बॉक्सर पहिल्या दोन बोटांच्या, म्हणजे तर्जनीच्या आणि मधल्या बोटाच्या गाठींनी मारतो. मूठ आणि मनगट एका रेषेत ठेवतो, हाताला कापडी पट्टी गुंडाळतो, वर ग्लोव्ह चढवतो. तुमच्या हाडांच्या टोकांशी अजून कूर्चेच्या मऊ पट्ट्या आहेत. हाड लांबीला वाढतं ते तिथेच. त्या पट्ट्यांना मार बसला तर वाढच बिघडू शकते. आणि मित्राच्या डोक्यावर ठोसा? मुळीच नाही. मेंदू आत हिंदकळतो, आणि तो स्नायूसारखा मार खाऊन पक्का होत नाही.

मग करायचं काय? बॉक्सर रोज करतात त्यातलं बरंचसं तुम्हालाही करता येतं, आणि ते मूठ न वळता! दोरीवरच्या उड्या. धावणं. जोर आणि बैठका. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात १९१४ पासून असल्या देशी व्यायामांची परंपरा आहे, आणि तिथलं पथक १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ दाखवायला गेलं होतं. बैठकांनी पाय तयार होतात आणि ठोशातला पायांचा वाटा तर तुम्हाला आता माहीतच आहे.

बॉक्सर आणखी एक व्यायाम करतात: जड चेंडू फेकणं. आपण हलक्या चेंडूनं करू. शाळेच्या मैदानावर खडूनं एक रेघ मारा. आधी रेघेमागे पाय पसरून जमिनीवर बसा आणि एका हातानं चेंडू जितका लांब जाईल तितका फेका. अंतर मोजा. मग उभं राहून, पण पाय न हलवता फेका. मग एक पाय मागे ठेवून, कंबर वळवून फेका. प्रत्येक प्रकार तीनदा करा आणि सरासरी काढा. बसून फेकलेलं अंतर आणि शेवटचं अंतर यांत जो फरक येईल, त्यातला बराचसा तुमच्या पायांचा आणि कंबरेचा. वर्गात सगळ्यांचे आकडे मांडा. ज्याचे दंड सगळ्यात मोठे, त्याचाच चेंडू सगळ्यात लांब गेला का, ते जरूर बघा. आणि हो, मुख्याध्यापकांच्या खिडकीकडे पाठ करून फेका.