ओव्हन बंद पडला, पण बंद केला कोणी?

नानकटाईचा ट्रे ओटीजीत ठेवून सात-आठ मिनिटं होतात न होतात तोच लाल दिवा विझतो आणि वरच्या रॉडची लाली उतरते. घरात लगेच निकाल लागतो: ओव्हन बिघडला. कोणी नॉब उगाच पुढे-मागे फिरवतं, कोणी प्लग काढून पुन्हा लावतं, कोणी दार उघडून बघतं. दार उघडलं की आतली उष्णता भसकन बाहेर येते आणि नानकटाई खरोखरच बिघडते.

दिवा विझताना बारीकसा ‘टक’ आवाज आला असेल, तर बहुधा काहीही बिघडलेलं नाही. तो थर्मोस्टॅटचा आवाज. त्यात दोन वेगवेगळ्या धातूंची एकमेकांना चिकटवलेली पट्टी असते. तापल्यावर एक धातू जास्त प्रसरण पावतो, पट्टी वाकते आणि वीज तोडते. आपण १८० अंश लावले असतील, तर तिथवर पोचल्यावर रॉड बंद होणार, थोडं तापमान उतरलं की पुन्हा लागणार. पूर्ण भाजणीत हे अनेकदा होतं. अनेक ओटीजींत दिवा रॉडबरोबरच लागतो-विझतो, त्यामुळे ओव्हन ‘गेला’ असं वाटतं. पाच-दहा मिनिटं दार न उघडता थांबावं. दिवा परत लागला तर प्रश्न मिटला. मायक्रोवेव्हमध्येही असंच आहे. निम्मी पॉवर लावली की साध्या मायक्रोवेव्हमधला मॅग्नेट्रॉन निम्म्या जोराने चालत नाही. तो काही सेकंद पूर्ण जोराने चालतो आणि काही सेकंद गप्प बसतो. मधूनच बदलणारी घरघर त्याचीच.

दिवा परत लागलाच नाही, तर मात्र पहिला प्रश्न ‘काय बिघडलं’ हा नसावा, ‘कोणी बंद केलं’ हा असावा. कारण ओव्हन मधेच थांबतो तेव्हा पुष्कळदा तो मुद्दाम थांबवलेला असतो. टायमर, आतला सुरक्षा कटआउट किंवा भिंतीवरचा एमसीबी, यांपैकी एकाने. तो कोण हे कळलं की निम्मं काम झालं.

टायमरचं थोडक्यात सांगते. ओटीजीचा टायमर स्प्रिंगवर चालतो आणि तो शून्यावर आला की घंटी वाजून सगळं बंद होतं. थर्मोस्टॅट कितीही वर ठेवला तरी टायमर फिरवल्याशिवाय बहुतेक ओटीजी लागतच नाहीत. पाच-सात मिनिटांसाठी नॉब जेमतेम सरकवला तर स्प्रिंगला पुरेसा पीळ बसत नाही, म्हणून तो आधी बराच पुढे नेऊन मग मागे आणावा. लांबच्या भाजणीला ‘स्टे ऑन’ची खूण असेल तर ती वापरावी, पण मग घड्याळाकडे आपलं लक्ष हवं.

कटआउटची खूण वेगळी. ओव्हन वीस-पंचवीस मिनिटं नीट चालतो, मग पूर्ण मृत होतो आणि गार झाल्यावर आपोआप सुरू होतो. ‘जुना झाला, दमतो’ असं लोक म्हणतात. खरं कारण बहुधा हवा न खेळणं हे असतं. मॉड्युलर किचनमध्ये ओव्हन दिसायला छान बसावा म्हणून ट्रॉलीच्या कप्प्यात घट्ट कोंबतात, किंवा ओट्यावर भिंतीला टेकवून वर डबे रचतात. पुस्तिकेत बाजूंना, मागे आणि वर किती जागा सोडायची ते लिहिलेलं असतं. ती सोडावीच. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हच्या जाळीवर फोडणीचा चिकट थर आणि धूळ साचली, तरी पंख्याला हवा ओढता येत नाही. भाजणी संपल्यावरही पंखा काही वेळ चालू राहतो तो आतले भाग गार करायला. तेव्हा मुख्य बटण बंद करू नये.

आता भिंतीकडे वळू. ‘लहान ओव्हन आहे, साध्या प्लगवर चालतो’ हा समज घरोघरी आहे आणि तो महागात पडतो. १५०० वॅटचा ओटीजी २३० व्होल्टला सुमारे ६.५ अँपिअर घेतो, २००० वॅटचा ८.७. साधं लहान सॉकेट ६ अँपिअरचं. मोठी पिन त्यात बसावी म्हणून कन्व्हर्टर लावला तरी सॉकेटची ताकद वाढत नाही, एक सैल जोड तेवढा वाढतो. सैल जोड तापतो, तापून आणखी सैल होतो आणि ओव्हन चालू-बंद होऊ लागतो. ओव्हन बंद करून प्लग काढा आणि पिना नीट पाहा. पितळ काळवंडलं असेल, सॉकेटच्या भोकाभोवती प्लॅस्टिक तपकिरी झालं असेल, जळका वास येत असेल, तर दोष ओव्हनचा नाही. १६ अँपिअरचं सॉकेट वायरमनकडून नवं बसवून घ्या. एक्स्टेंशन बोर्डावर ओव्हन नकोच.

ओव्हन लावला की एमसीबी पडतो, तेव्हा ‘मोठा एमसीबी टाकू’ असा सल्ला हमखास मिळतो. हा सल्ला ऐकू नका. एमसीबी भिंतीतली वायर सांभाळतो. १६ च्या जागी ३२ अँपिअरचा टाकला, तर तो पडणार नाही, पण पातळ वायर भिंतीत तापत राहील. त्याच लाइनवर गीझर किंवा इंडक्शन आहे का, ते आधी बघा.

सगळ्यांत धोकादायक गैरसमज पावसाळ्यातला. कोकणात, मुंबईत, गोव्यात महिनोन्महिने न वापरलेला ओटीजी गणपतीच्या सुमारास लावला की घरातली लाइटच जाते. इथे पडतो तो बहुधा आरसीसीबी, जो ३० मिलीअँपिअर इतकी थोडी गळतीही ओळखतो. अनेक ओटीजींच्या स्टीलच्या रॉडमध्ये तापणाऱ्या तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ठासलेली असते. ती दमट हवेतला ओलावा ओढून घेते आणि करंट थोडा थोडा रॉडच्या पत्र्यात उतरतो. ‘अर्थची वायर काढली की ट्रिप होत नाही’ हा काही जणांचा उपाय. तो जीवघेणा आहे. अर्थ तोडला की पत्र्यावरचा करंट जमिनीकडे दुसरी वाट शोधतो, आणि ती वाट ओल्या हाताने दार उघडणाऱ्या माणसातून जाते. आरसीसीबी पुन्हा पुन्हा वर करून बघू नका. इलेक्ट्रिशियनकडून मेगरने रॉडचं इन्सुलेशन तपासून घ्या. रॉड सुकवता येतो, नाहीतर बदलता येतो. चांगला चालणारा ओव्हन पावसाळ्यात अधूनमधून पंधरा-वीस मिनिटं रिकामा तापवला, तर ही वेळ सहसा येत नाही. रिकामा तापवायचा तो फक्त ओटीजी. मायक्रोवेव्ह कधीही रिकामा चालवू नये.

स्टॅबिलायझर घ्यावा का, हेही विचारलं जातं. व्होल्टेज २३० वरून २०० वर आलं तर रॉडची उष्णता जवळजवळ चौथाईने घटते, केक उशिरा होतो, पण साधा ओटीजी त्यामुळे बंद पडत नाही. त्यासाठी स्टॅबिलायझर घेण्यात अर्थ नाही.

मायक्रोवेव्हचं झाकण मात्र घरी उघडू नका, प्लग काढलेला असला तरीही. आतल्या कपॅसिटरमध्ये दोन हजार व्होल्टच्या आसपासचा भार शिल्लक राहू शकतो. दार सैल झाल्याने तो मधेच थांबत असेल, तरी दाराचे स्विच मेकॅनिकनेच बदलावेत. मेकॅनिकला फोन करताना ‘बंद पडतो’ एवढंच सांगू नका. किती मिनिटांनी, कुठल्या तापमानाला, दिवा विझतो की सगळ्या घराची लाइट जाते, कुठला खटका खाली येतो आणि गार झाल्यावर तो परत चालतो का, हे सांगा. आणि आतला थर्मल फ्यूज उडाला असेल, तर तो त्याच रेटिंगचा नवा बसवून घ्या, वायरने जोडून देऊ नका.